टेबल रिकामं असताना

१

रविवारी इस्पितळातल्या सगळ्या कम्प्युटरांवर नवी सिस्टिम चढवली गेली आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता कम्प्युटर विभागातल्या बाईंचा फोन जो वाजायला लागला, तो थांबायचं नाव घेईना. एक्स-रेवाल्यांचा प्रिंटर रुसला होता. औषधांच्या खिडकीतल्या पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी झाली होती. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या मुख्य नर्सचं म्हणणं होतं की अपडेटपासून माउस उलटा चालतो. तो त्यांनी उलटा धरला होता.

बाईंना सगळं इस्पितळ पाठीमागे रीस्टार्टबाई म्हणायचं. तक्रार कसलीही असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, की एकदा रीस्टार्ट करून बघा. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. दहातल्या सात तक्रारी तेवढ्यावर मिटत. उरलेल्या तिन्हींसाठी त्या स्वतः जात, खांद्यावर केबलींची पिशवी अडकवून, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना दटावत.

बाराच्या सुमाराला तळघरातून फोन आला. शवविच्छेदनाच्या खोलीतले डॉक्टर होते. वर्षातून एकदा फोन करतील तर शपथ, असा माणूस.

त्या खोलीत हात सतत कामात बुडालेले असत, लिहायची सोय नव्हती. म्हणून स्टीलच्या टेबलाच्या वर छताला मायक्रोफोन टांगला होता. डॉक्टर बोलत आणि कोपऱ्यातला कम्प्युटर ते टाइप करी. डॉक्टर स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारत. ती सवय इतकी मुरली होती की घरीही ते "चहा ठेव पूर्णविराम" म्हणतात, असं लोक सांगत.

बाई गेल्या तेव्हा टेबल धुऊन निथळत होतं. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. सकाळी परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याचा अहवाल होता. बाह्य जखमा, एक ते पाच. त्याखाली सहावी ओळ.

"उजव्या दंडावर बाहेरच्या बाजूस चार बोटांचे ताजे वण"

"हे मी बोललो नाही," डॉक्टर म्हणाले. "तरी परत जाऊन त्याचा दंड पाहिला. साफ आहे. हे कागद कोर्टात जातात, बाई. नसलेली जखम लिहिली गेली तर उद्या कुणीतरी नाहक आत जाईल."

ओळीच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. बाईंच्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं.

२

दुखणं सापडायला वेळ लागला नाही. नव्या सिस्टिमने आपला स्वतःचा एक ऐकून टाइप करणारा प्रोग्राम बरोबर आणला होता. डॉक्टरांचा जुना होताच. दोघांनी एकाच मायक्रोफोनवर हक्क सांगितला होता. बाईंनी डॉक्टरांना समजेल अशा शब्दांत सांगितलं, की एका घरात दोन गृहिणी झाल्यात, दोघी एकाच भांड्यात मीठ टाकताहेत. नवा प्रोग्राम बंद केला, कम्प्युटर रीस्टार्ट केला, आणि खात्री करायला त्या तिथेच बसून राहिल्या. डॉक्टर हात धुऊन वर जेवायला गेले.

खोलीत आवाज दोनच होते. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची घरघर, आणि भिंतीपलीकडे शीतकपाटांच्या मोटरचं सुरू होणं, बंद होणं. टेबल रिकामं होतं. बाई डबा उघडावा की नको या विचारात होत्या, एवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. डॉक्टर बोलताना उमटत तशीच, एकेक शब्द, मध्ये श्वास घेतल्यासारखं थांबत.

"डाव्या कानामागे सूज"

बाईंनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं. मग स्वतःलाच हसल्या. त्यात काय? जुन्या प्रोग्रामला सात वर्षं फक्त जखमाच ऐकायची सवय. कानावर पंख्याची घरघर पडली तरी त्यात त्याला जखमाच ऐकू येणार. कसायाच्या दुकानात वाढलेल्या पोपटाने आणखी काय बोलावं? हे त्यांना मनापासून पटलं. डॉक्टर आल्यावर त्यांनाही पटलं. बाईंनी मायक्रोफोनची संवेदनशीलता कमी केली, दोन्ही ओळी पुसल्या आणि वर आल्या.

डबा मात्र तसाच परत घरी गेला.

३

मंगळवारी संध्याकाळी धाकटी आली. बाईंची ही एकुलती एक बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तिच्या फोननेही नवं अपडेट घेतलं होतं आणि तेव्हापासून तो अडकत होता. नवऱ्याने गाडीतून सोडलं होतं आणि तो खालीच थांबला होता. गाडी शिकवायची संस्था होती त्याची. गावभर त्याची ख्याती, की शिकणाऱ्याने दहादा गाडी बंद पाडली तरी हा माणूस आवाज चढवत नाही.

धाकटीने फोन पुढे केला तेव्हा सैल बाही कोपराच्या वर गेली. उजव्या दंडावर, बाहेरच्या बाजूला, चार निळसर वण होते. एकाशेजारी एक.

बाईंनी फोन घेतला. सेटिंग उघडली. काय बघायचं होतं ते त्यांना आठवेना.

"हे काय झालं?"

"कुठं काय? दाराची कडी लागली."

कडीला चार बोटं नसतात, हे बाई बोलल्या नाहीत. बहिणीच्या गालावर आलेली बट कानामागे सारायच्या निमित्ताने त्यांनी हात नेला, डावीकडे. बोट टेकायच्या आतच धाकटीने मान चोरली आणि ओठ आवळले.

दोन वर्षांपूर्वी धाकटीचा हात मोडला होता, तेव्हा ती न्हाणीघरात घसरली होती. त्याआधी जिन्यावरून. बाईंनी एकदा विषय काढला होता, तर धाकटीने पाय धरले होते, की ताई, तू मध्ये पडू नकोस, तू बोललीस की मला जास्त पडतं. मग बाई बोलेनाशा झाल्या. अख्ख्या इस्पितळाला काय बंद करा न काय चालू करा हे सांगणारी बाई, पण या एका घरापुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

खाली हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. पहिला वाजतानाच धाकटी उभी राहिली होती.

त्या रात्री बाईंनी स्वतःला समजावलं. जगात हजारो दंड आहेत आणि त्यांतल्या कितीतरींवर वण आहेत. समजूत पटली नाही. पण दुसरीही काही सुचली नाही.

४

बुधवारी त्या कुणी न बोलावता तळघरात गेल्या. डॉक्टरांच्या टेबलावर त्या दिवशी कुणी नव्हतं. बाईंनी सांगितलं, की आज मुळापर्यंत जायचं.

कोणता प्रोग्राम भांडतोय हे कळत नसेल तर रीत एकच. निम्मे बंद करायचे, रीस्टार्ट करायचं, बघायचं. दोष राहिला तर तो उरलेल्या निम्म्यांत. मग त्यांतले निम्मे. असं करत करत शेवटी एक उरतो, तोच चोर. बाईंनी छत्तीसचे अठरा केले, अठराचे नऊ. नऊवर असताना ओळ आली, "खालचा ओठ आतून फाटलेला". चार केले, दोन केले, एक केला. शेवटी तोही बंद केला, आणि वर चढून मायक्रोफोनची वायर उपटली. नेटवर्कची वायर काढली. कीबोर्डसुद्धा काढून टेबलावर उलटा ठेवला. आता त्या यंत्राला कान नव्हते, तोंड नव्हतं, बाहेरच्या जगाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कोऱ्या पानावर नुसती उभी रेघ लुकलुकत होती.

डॉक्टर आणि बाई दोन स्टुलांवर बसून राहिले. भिंतीपलीकडची मोटर बंद झाली.

"उजव्या मनगटावर आवळल्याची खूण"

बाईंनी फोन उचलला आणि धाकटीला लावला. सात वेळा वाजल्यावर तिने घेतला. शब्द जड येत होते, जणू तोंडात काही धरून बोलत होती. जेवताना ओठ चावला गेला म्हणाली. मग म्हणाली, ठेवते, हे घरीच आहेत.

बाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटली, यंत्राची नव्हे, इतकी वर्षं गप्प बसल्याची. डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही. चष्मा काढून पुसत राहिले.

"मला यंत्रातलं कळत नाही," ते म्हणाले. "पण जखमांतलं कळतं. मेलेल्या शरीरावर असे वण उमटत नाहीत. त्याला रक्त फिरावं लागतं. ही जी कुणी आहे, ती जिवंत आहे. आणि हा अहवाल आहे, बाई. अजून पुरा झालेला नाही, एवढंच."

बाईंनी त्याच दुपारी पोलीस ठाणं गाठलं. तिथल्या हवालदाराने विचारलं, की बहिणीची तक्रार आहे का. नाही. तुम्ही मारताना पाहिलंत का. नाही. मग कशावरून म्हणता? यावर बाईंपाशी एकच उत्तर होतं आणि ते देता येण्यासारखं नव्हतं.

५

गुरुवारी सकाळी अकराला डॉक्टरांनीच फोन केला. आवाज नेहमीसारखा सपाट होता. "बाई, ओळी भराभर येताहेत. तुम्ही निघा. मी पोलिसांना कळवतो. फोन बंद करू नका."

बाई धाकटीच्या घरी जायला टॅक्सीत बसल्या. कानाला फोन, आणि कानात डॉक्टर. त्यांना वाचून दाखवायचं नव्हतं, पण बाईंनीच सांगितलं, वाचा.

"डाव्या भुवईवर फाटलेली जखम, तीन सेंटीमीटर. उजव्या बरगड्यांवर मुका मार, दोन ठिकाणी. डाव्या हाताची करंगळी मुळाशी मोडलेली." सिग्नल लाल होता. चालक काच खाली करून शेजारच्याशी काहीतरी बोलत होता, हसत होता. "वरचा पुढचा दात निखळलेला. गळ्यावर दोन्ही बाजूंनी अंगठ्यांचे दाब."

मग काहीच नाही.

"डॉक्टर?"

"ओळी थांबल्या," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला होता.

तिसऱ्या मजल्यापर्यंत बाई कशा चढल्या ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. दार बंद होतं. आतून रेडिओ लागलेला, मोठ्याने, कुणीतरी बातम्या वाचत होतं. बाईंनी दोनदा दार वाजवलं आणि मग जिन्यातलं आग विझवायचं लाल नळकांडं काढून कुलपावर घातलं. तिसऱ्या घावाला कुलूप गेलं.

धाकटी जेवणाच्या टेबलाखाली होती. एक पाय बाहेर, त्यात चप्पल. जमिनीवर रक्त सांडून पुसलं होतं, पुन्हा सांडलं होतं. तिचा नवरा स्वयंपाकघरात नळाखाली हात धूत होता. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. मान वळवून त्याने पाहिलं.

"या ताई," तो म्हणाला. "आधी कळवायचंत ना."

त्याने नळ बंद केला, हात टॉवेलला पुसले, टॉवेल घडी करून ठेवला आणि बाईंच्या अंगावर आला. पहिला ठोसा बाईंच्या जबड्यावर बसला. त्या भिंतीवर आदळल्या, पण नळकांडं हातातून सुटलं नाही. ते त्यांनी दोन्ही हातांनी खालून फिरवलं. त्याचा गुडघा मोडल्याचा आवाज रेडिओवरूनही ऐकू आला. तो पडला, आणि पडल्या पडल्या त्याने बाईंचा घोटा धरला आणि दात रोवले. बाई नळकांडं मारत राहिल्या, खांद्यावर, हातावर, जिथे लागेल तिथे. पोलीस आत आले तेव्हा त्यांना दोघांतलं कोण कुणाला मारतंय हे कळायलाच वेळ लागला.

फोन जमिनीवर पडला होता. त्यातून डॉक्टर सारखं विचारत होते, श्वास आहे का, बघा, श्वास आहे का.

श्वास होता.

६

धाकटी सव्वीस दिवस इस्पितळात होती. बाईंनी तिच्या अंगावरच्या जखमा एकदाच मोजल्या आणि पडद्यावर आलेल्या सगळ्या ओळींशी ताडून पाहिल्या. एकही जास्त नव्हती, एकही कमी नव्हती. त्यानंतर त्यांनी त्या कम्प्युटरची डिस्क उपसून काढली, नवी घातली, आणि तीवर जुनीच सिस्टिम चढवली. जुनी डिस्क पान्याने फोडली आणि तुकडे कचऱ्याच्या दोन वेगवेगळ्या डब्यांत टाकले. वरिष्ठांनी विचारलं तर सांगितलं, की खराब झाली होती.

यंत्र गप्प झालं. डॉक्टर बोलत तेवढंच ते लिही. बाई हळूहळू पुन्हा डबा खाऊ लागल्या.

नवऱ्याला जामीन मिळाला. कुबडी घेऊन चालत होता म्हणे. कोर्टाने त्याला त्या घरात पाऊल टाकायला आणि धाकटीच्या आसपास फिरकायला मनाई केली. धाकटी बाईंकडे राहत होती. ती रडत नव्हती आणि बोलतही नव्हती. दिवसभर खिडकीशी बसे, मोडून जुळलेली करंगळी दुसऱ्या हाताने वाकवून बघत. बाई तिच्या ताटात वाढायच्या, तिचं अंथरूण घालायच्या आणि मनात म्हणायच्या, वेळ जाऊ दे, सावरेल.

एके दिवशी धाकटी आपण होऊन म्हणाली, "ताई, माझे कागद आणायचे आहेत तिथून. कपडेही."

बाई म्हणाल्या, मी आणते. धाकटी म्हणाली, कुठे काय आहे ते मलाच माहीत.

७

पोलिसांनी सोबत एक शिपाई बाई दिली. सकाळचे दहा वाजले होते. गाडीत धाकटी सगळा वेळ फोनवर काहीतरी लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. बाईंनी सहज डोकावलं तर तिने फोन उलटा मांडीवर ठेवला. बाईंना बरंच वाटलं. निदान कुणाशी तरी बोलतेय.

खाली पहारेकऱ्याच्या वहीत नावं लिहायची होती. शिपाई बाई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. धाकटीने किल्लीने दार उघडलं. दाराला नवं कुलूप होतं, त्याची किल्ली तिच्याकडे कुठून आली हे विचारायचं बाईंच्या तोंडावर आलं होतं. तोवर ती आत, शयनघरात गेलीसुद्धा. दार तिने मागे लोटून घेतलं. पुरतं लागलं नाही.

बाई दिवाणखान्यात उभ्या राहिल्या. कोंदट वास होता. जमीन कुणीतरी घासून काढली होती. टेबल होतं त्याच जागी. भिंतीला टेकवून एक कुबडी ठेवली होती.

ती कुबडी बाई बघतच राहिल्या. बघत असतानाच फोन वाजला.

"तुम्ही कुठे आहात?" डॉक्टर होते. "बहीण तुमच्यासमोर आहे का?"

"आतल्या खोलीत आहे. का?"

"माझं टेबल रिकामं आहे, बाई. कम्प्युटर मी अजून सुरूच केलेला नाही. पण पडदा लागलाय. ओळी येताहेत."

बाईंचे पाय शयनघराच्या दाराकडे वळले. "वाचा."

"पुरुष," डॉक्टर म्हणाले. "वय साधारण पंचेचाळीस. उजव्या गुडघ्याला जुनी मोड. डोक्याच्या मागे, मध्यभागी..."

आतून आवाज आला. ओल्या गोणपाटावर काहीतरी जड टाकावं तसा. ओरडा नव्हता. कपाटाचं दार आपटलं, मग पुन्हा तोच आवाज.

बाई दाराच्या फटीपाशी पोचल्या. फटीतून धाकटीची पाठ दिसली, आणि खाली, पलंगाच्या कडेशी, पालथं पडलेलं एक पाऊल, मोज्यातलं. धाकटीच्या हातात लांब लोखंडी काहीतरी होतं. गाडीच्या स्टिअरिंगला अडकवतात ते कुलूप आहे, हे समजायला बाईंना क्षणभर वेळ लागला. धाकटी घाई करत नव्हती. हात वर नेई, थांबे, जागा बघे, मग खाली आणी. मध्येच तिने कपाळावरची बट कानामागे सारली.

"डाव्या कानावर," फोनमधून डॉक्टर म्हणाले. "मानेवर. मानेवर पुन्हा. बाई, या ओळी जिवंत माणसाच्या आहेत. त्याचं रक्त अजून फिरतंय. आत कुणी असेल तर थांबवा."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. शिपाई बाई गुणगुणत वर येत होती, एका लयीत, एकेक पायरी.

बाई मागे सरल्या. बाहेरच्या दाराशी गेल्या. ते उघडंच होतं. हाक मारायला तोंड उघडलं. समोर जिन्याच्या वळणावर शिपाई बाईची टोपी दिसायला लागली होती.

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. आवाज होऊ नये म्हणून बोटाने धरून सरकवली. मग दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "पुढची ओळ वाचा."